नाशिक : मळ्यातला मुक्काम, गावातली न्याहारी

मुलीनं पुण्यात बसून बुकिंग केलं, पैसेही तिनंच भरले, त्यामुळं जागेबद्दल आधी काही बोलायची सोय नव्हती. "बाबा, थोडे दिवस मळा सोडा, नाशिकला जाऊन या, आजीचं त्र्यंबकेश्वरही होईल," असा तिचा लकडा. फोटो पाठवले होते. कौलारू व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, पितळी घंगाळात झेंडूची फुलं आणि मागं द्राक्षांच्या ओळी. खाली लिहिलेलं : 'द्राक्षमळ्यात घरगुती मुक्काम. सकाळच्या न्याहारीसह.' ह्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "अगं, आपण तासगावचे. द्राक्षबागेत झोपायला पैसे देऊन नाशिकला जायचं म्हणजे…" पुढचं गिळलं, कारण फोन स्पीकरवर होता.

डिसेंबरात बागायतदाराला घर सोडणं सोपं नसतं. मणी फुगायला लागलेले, थंडी पडली की वेलींवर भुरी रोगाची भीती, मध्येच आभाळ आलं तर डावणी रोगाची. धाकट्या दिरांनी फवारणी अंगावर घेतली, माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन उरकलं, आणि सासूबाईंची पिशवी तर आठवडाभर आधीपासून दाराशी तयार होती.

शुक्रवार

पहाटे अंधारात निघालो. पुण्यापर्यंत काही विशेष नाही. पुण्यानंतर चाकण, आणि चाकणबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं; ट्रेलरांच्या मागं एवढा वेळ गेला की सासूबाईंचा जप दोनदा पुरा झाला. राजगुरुनगर, नारायणगाव मागं पडलं, चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर आलं, तेव्हा कुठं गाडीनं वेग धरला.

सिन्नरला मी हट्टानं गाडी गोंदेश्वराकडं वळवायला लावली. इतिहास शिकवायचा आणि यादवांचं एवढं देखणं देऊळ वाटेवर असताना पुढं जायचं, हे मला जमणारं नाही. मधोमध महादेव, समोर नंदी, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य, असं हे पंचायतन. दुपारचं ऊन तिरपं पडून शिखरावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा स्पष्ट दिसत होत्या. सासूबाई नंदीशेजारी सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "हितंच ऱ्हायचं का?" पुढं काय वाढून ठेवलंय याची त्यांना कल्पना असावी.

नाशिकमध्ये शिरताना जागोजागी रस्ते उकरलेले. सिंहस्थ २०२६-२७ चा, त्यामुळं कामं निघालेली. गंगापूर रोडला लागलो, सोमेश्वर मागं टाकलं, गोवर्धन गेलं. इथून पुढं एका बाजूला गोदावरी आणि दुसऱ्या बाजूला वाइनरी, लॉन्स, फार्महाऊसच्या पाट्या. पाटीआड पाटी. आमच्या जागेची मात्र पाटी नव्हती. नकाशा कच्च्या रस्त्यानं एका निळ्या फाटकाशी घेऊन गेला आणि 'तुम्ही पोचलात' म्हणून गप्प झाला.

फाटक बंद. फोन लावला तर कट झाला आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर निरोप : चावी डाव्या खांबावरच्या डबीत आहे, आकडे अमुक, वायफायचा पासवर्ड तमुक, जोडलेले हात. मालक ठाण्याला राहतात हे नंतर कळलं. डबी उघडेना. ह्यांनी दोनदा आकडे फिरवले, मी चष्मा लावून फिरवले. शेवटी मागच्या बाजूनं एक गृहस्थ टॉर्च घेऊन आले, "सरकवा ताई, ती अडकते," म्हणाले आणि खिशातल्या दुसऱ्या चावीनं दार उघडून दिलं. ते राखणदार. ते आणि त्यांची बायको मागच्या पत्र्याच्या खोलीत राहतात, दोघं पेठ तालुक्याकडचे.

खोली फोटोतलीच होती, त्यात फसवणूक नाही. वेताच्या खुर्च्या होत्या. घंगाळही होतं, फुलं प्लास्टिकची. फरशी पुसलेली होती. पण माणसं तीन आणि पांघरुणं दोन, तीही उन्हाळ्यात पायावर घ्यायच्या जातीची. जास्तीची गादी जमिनीवर टाकलेली, तिच्यावर चादर नव्हती. गिझरचा दिवा लागायचा, पाणी तापायचं नाही. ह्यांचं लक्ष मात्र खिडकीतून मागच्या बागेकडं. अंधारातसुद्धा त्यांनी निकाल दिला : "वाय पद्धतीचा मांडव आहे. ही खायची द्राक्षं, वाइनची नव्हेत. आणि मध्ये तारेचं कुंपण आहे, म्हणजे बाग यांची नाहीच." सकाळी खरं निघालं. मळा शेजाऱ्याचा, फोटो यांचा.

मी मालकांना लिहिलं : दोन पांघरुणं जास्त हवीत, गिझर चालत नाही. लगेच उत्तर आलं, 'नोंद घेतली' आणि पुन्हा जोडलेले हात. रात्री निफाडकडचा तो वर्तमानपत्रात गाजणारा गारठा गंगापूरपर्यंत आला. सासूबाईंना दोन्ही पांघरुणं दिली, ह्यांनी स्वेटरवर जॅकेट चढवलं आणि मी बेडवरची शोभेची गुंडाळी, ती पायथ्याशी टाकतात ती मरून पट्टी, उलगडून अंगावर घेतली. तिची रुंदी गुडघ्यापासून कमरेपर्यंत पुरते.

शनिवार

साडेपाचला ब्लोअर सुरू झाला.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते : ट्रॅक्टरच्या मागं टाकी, टाकीच्या मागं मोठा पंखा, आणि तो औषधाचं धुकं करून ओळीच्या दोन्ही बाजूंना फेकत जातो. आवाज दूर जातो, वळतो, परत येतो, पुन्हा जातो. शहरातून आलेल्या पाहुण्यानं काय केलं असतं कोण जाणे. हे मात्र अंथरुणात उठून बसले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "सहाशे लिटरचा असेल. भुरीचं मारतोय, वारं पडलंय तोवर." मग थोड्या वेळानं, "ब्लोअरच ऐकायचा होता तर घरचा काय वाईट होता?" आणि चपला घालून कुंपणाकडं गेले. तासाभरानं परतले तेव्हा शेजाऱ्याच्या घरचा चहा पिऊन आले होते, त्याचा फोन नंबर घेऊन आले होते आणि त्याच्या बागेतल्या घडांच्या विरळणीवर त्यांचं ठाम मत तयार झालं होतं. सबंध सहलीत ह्यांचा चेहरा इतका खुललेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

आता न्याहारी. मी सात वाजल्यापासून वाट पाहत होते, कारण 'न्याहारीसह' या शब्दाच्या जोरावरच तर बुकिंग झालं होतं. पावणेनऊला मोटरसायकलवरून एक मुलगा आला, फाटकाला पिशवी अडकवली आणि हॉर्न वाजवून गेला. पिशवीत चांदीच्या कागदाच्या तीन डब्या. त्यात गार पोहे, प्रत्येकी पावाचे दोन तुकडे, जॅमची पुडी, एक केळं. पोह्यांवर शेंगदाणे होते, लिंबाची फोड नव्हती. चहासाठी खोलीत किटली, पुडीतली दूधपावडर.

सासूबाईंनी डबी उघडून पाहिली आणि बंद केली. त्यांना वास दुसराच येत होता. मागच्या पत्र्याच्या खोलीपुढं चूल पेटलेली, राखणदारांची बायको नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी थापत होती आणि शेजारी पातेल्यात उडदाची आमटी रटरटत होती. त्या सरळ जाऊन चुलीपाशी टेकल्या. मी मागोमाग गेले.

"ताई, आम्हाला भाकरी मिळेल का? वेगळे पैसे देऊ," मी विचारलं.

तिनं हात थांबवला. "नाही देता येत ताई. मालकांनी सांगेल आहे. पाहुण्यांना आपलं जेवण द्यायचं नाही, कोणी आजारी पडलं, काही झालं, तर नाव खराब होतं."

"अगं, भाकरीनं कोण आजारी पडतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही पडणार आजी. पण मागं एकांनी फोटो काढून पाठवला ना. मग मालक रागावले." आणि तिनं भाकरी उलटली. हात शेकायला मात्र बसू दिलं, आणि सासूबाई तिथं बसल्या त्या थेट निघायची वेळ होईपर्यंत. तिची मुलं आश्रमशाळेत असतात, भाऊबीजेनंतर भेट नाही, मालक वर्षातून दोन-तीनदा येतात, आले की पार्टी असते, एवढं सगळं त्यांनी काढून घेतलं.

मला खरा राग तिथं आला. कोकणात आम्ही गुहागरकडं एका न्याहारी-निवासात राहिलो होतो; एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, योजनेमुळं त्या पट्ट्यात घराघरांतून ही सोय झाली आहे. खोली साधी होती, नळाला कधी पाणी येई कधी नाही. पण तिथल्या काकू रात्रीच विचारून जात, "सकाळी घावणे करू की आंबोळ्या?" नळाचं पाणी मी कधीच विसरले, घावणे लक्षात आहेत. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत तर मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं अशी अट आहे, आणि पाहुण्यांना द्यायच्या खोल्या एकापासून सहापर्यंत. मला ती अट पूर्वी सरकारी वाटायची. त्या सकाळी तिचा अर्थ कळला. मालक घरात असता तर त्यालाही रात्री थंडी वाजली असती आणि त्याच्या कपाटातलं एखादं पांघरूण आमच्यापर्यंत आलं असतं. त्यालाही सकाळी भूक लागली असती, मग चूल कुणाची हा प्रश्नच उरला नसता. इथं घर होतं, घरचं कुणी नव्हतं. आणि जी दोन माणसं होती त्यांना घरचं वागायला बंदी होती.

असो. पोटात काही नव्हतं, म्हणून आधी मिसळ गाठली. नाशिकची मिसळ म्हणजे ताटभर मांडणी : एका वाटीत मटकी, एकीत शेव, दही, भाजलेला पापड, कांदा-लिंबू आणि काळ्या मसाल्याचा रस्सा मागाल तेवढा. आम्ही कोल्हापुरी कटाच्या तालमीत वाढलेलो, त्यामुळं ह्यांनी पहिल्या घासाला "सौम्य आहे" असं जाहीर केलं आणि नंतर रस्सा तीनदा मागितला. सासूबाईंचा शनिवार, त्यांना सायंताराचा साबुदाणा वडा खाऊ घातला. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि गरम. गरम हे मुद्दाम लिहिते आहे.

मग गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि कुठंही विचारा, 'गंगेवर जा' असंच सांगतात. रामकुंडावर अस्थी विसर्जनाला आलेली माणसं, मुंडन चाललेलं, शेजारीच पोरं उड्या मारताहेत, भाजीवाल्या बसलेल्या. दुतोंड्या मारुती पाण्यात उभा. पुढून एक तोंड, मागून एक. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं यावर इथं पूर मोजतात. "आणि डोक्यावरनं गेलं की?" सासूबाईंनी फुलवालीला विचारलं. "मग आम्ही पण इथं नसतो आजी," ती म्हणाली आणि गजऱ्याचे वीस रुपये मागितले.

घाटालगतच नारोशंकराचं देऊळ. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेलं, दर्शनी बाजूला ती प्रसिद्ध घंटा. वसईवर मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जो विजय मिळवला त्याची ही आठवण. मुलांना वर्गात वसईची मोहीम शिकवताना मी दरवर्षी या घंटेचा उल्लेख करते. प्रत्यक्ष पाहिली पहिल्यांदाच, आणि मनात होती त्यापेक्षा बरीच उंचावर टांगलेली निघाली.

काळाराम मंदिरात मी सासूबाईंना दर्शनाच्या रांगेत लावून दिलं आणि स्वतः बाहेरच्या दारापाशी थांबले. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात लावून धरला, आणि पुढची काही वर्षं दारं उघडली नाहीत. मोठ्या, सुबक, काळ्या दगडाच्या भिंती. आत जाणाऱ्या माणसांना आता कुणी काही विचारत नाही. दारातल्या दगडी उंबऱ्याकडं मी बराच वेळ पाहत राहिले. सासूबाई बाहेर आल्या त्या प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "तू का नाही आलीस?" मी गेले मग. सीतागुंफेत मात्र त्या उतरल्या नाहीत. वाकून, बसून सरकायचं ते गुडघ्यांना झेपणार नव्हतं. बाहेरचे वड मोजून आम्ही परतलो. कोंडाजीचा चिवडा घ्यायचा राहू नये म्हणून ह्यांनी वाटेत गाडी थांबवली ती एवढ्यासाठीच.

रात्री खोलीवर आलो. पांघरुणं दोनच. 'नोंद घेतली' खाली माझा दुसरा निरोप, त्याखाली निळ्या खुणा, उत्तर नाही. राखणदारांनी आपल्याकडची एक गोधडी आणून दिली. मी नको म्हणेपर्यंत ते निघूनही गेले. मग लक्षात आलं, त्यांच्याकडंही गोधड्या मोजक्याच असणार. रात्रभर ती अंगावर घेऊन बरं वाटलं नाही, न घेऊनही चाललं नसतं.

रविवार

पुन्हा पिशवी, पुन्हा डब्या. या वेळी उपमा. सासूबाईंनी तो गायीला घातला, आणि गायीनं खाल्ला हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

आम्ही दोघं पांडवलेणीला गेलो. सासूबाईंना चुलीपाशी सोडून. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, डोंगर चढायचा तर चुलीपाशी बसलेलं बरं. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आहे, ते त्र्यंबकचे, १८७० सालचा जन्म. पायऱ्या चढून वर आलो की मुंबई-आग्रा रस्त्याचा आवाज खाली राहतो. लेणी चोवीस. पांडवांचा संबंध नाही, बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. लोक तिसऱ्या लेण्यापाशी गर्दी करतात, रास्तही आहे. तिथं गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर आईनं त्याचं गुणगान कोरून घेतलं, क्षहरातांचा (शक क्षत्रपांच्या घराण्याचा) नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं तो. नववीच्या वर्गात हे वाक्य हमखास लक्ष वेधून घेतं.

मला दहावं लेणं पाहायचं होतं. त्याच क्षहरातांपैकी नहपान राजाचा जावई उषवदात, त्याचं हे लेणं. भिंतीवर सुबक अक्षरांत त्यानं आपल्या दानांची यादी कोरून घेतली आहे. गायी दिल्या, गावं दिली, ते सगळं असतंच. पुढं आहे : तापी, दमण, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नद्यांच्या दोन्ही काठांना पाणपोया घातल्या. आणि भरुकच्छ, दशपुर, शूर्पारक आणि गोवर्धन इथं चौसोपी निवारे, प्रवाशांसाठी उतरायच्या जागा बांधल्या.

गोवर्धन! म्हणजे तेच, आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ ज्याच्यावरून गाडी गेली ते. त्या काळी तो मोठा विभाग होता, आज नदीकाठचं गाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या परिसरात वाटसरूला उतरायची सोय होती, आणि ती करणाऱ्याला ती दगडावर कोरून ठेवण्याइतकी मोलाची वाटत होती.

पुढचा लेख ह्यांना वाचून दाखवला तेव्हा ते कडाप्प्यावर मांडी घालून बसले, कारण व्याजाचा हिशेब होता. उषवदातानं लेण्यातल्या भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली, आणि ठेवली कुठं, तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं, म्हणजे व्यावसायिक संघांकडं. दोन हजार एकीकडं दरमहा शेकडा एक टक्का व्याजानं, हजार दुसरीकडं पाऊण टक्क्यानं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी. चीवर म्हणजे अंगावरचं वस्त्र. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं.

"म्हणजे वीस माणसांच्या पांघरुणाची कायमची व्यवस्था," हे म्हणाले. "आणि आपल्याला तिसरं मिळेना." मग बोटं मोजत, "वर्षाला बारा टक्के. आमची सोसायटी देते का?"

पायऱ्या उतरता उतरता ठरलं की रविवारची रात्र, जी पैसे भरून राखलेली होती, ती इथं काढायची नाही. मुलीला वाईट वाटेल हा एकच अडसर. तिला फोन केला; ती म्हणाली, "आई, मला शुक्रवारीच सांगायचं ना." इतकंच. मालकांना लिहिलं की आम्ही आज निघतो. या वेळी उत्तर सेकंदात आलं : उरलेल्या रात्रीचे पैसे नियमानुसार परत मिळणार नाहीत, आणि जमिनीवरच्या गादीचे वेगळे पडतील. ह्यांनी गादीचे पैसे तिथल्या तिथं पाठवले आणि खाली लिहिलं, 'नोंद घ्यावी.' मी जोडलेले हात घालू दिले नाहीत.

सामान गाडीत भरलं. राखणदारांची गोधडी घडी करून परत दिली, सासूबाईंनी त्यांच्या बायकोच्या ओंजळीत घरच्या बेदाण्यांची पुडी ठेवली. ती म्हणाली, "हिशेब झाला का मालकांशी?" झाला म्हटलं. "चावी डबीत टाकली?" टाकली. मग ती वळली, चुलीवरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "मग आता तुम्ही पाहुणे नाही. बसा."

नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. आम्ही तिघं पत्र्याच्या सावलीत, मातीवर टाकलेल्या पोत्यांवर बसून जेवलो. पैसे दिले तर घेईना. आम्हीही फार ताणलं नाही, आश्रमशाळेतल्या पोरांसाठी म्हणून सासूबाईंनी परस्पर काय ते केलं. शेजारचे बागायतदार कुंपणापलीकडून ह्यांच्याशी बोलायला आले, तेही टेकले. त्यांच्या सांगण्याप्रमाणं या पट्ट्यात ज्याला त्याला दोन खोल्या काढायच्या आहेत, सिंहस्थ येतोय, द्राक्षापेक्षा खोलीला भाव बरा. "द्राक्षाला निदान रोज बघावं तरी लागतं," हे म्हणाले. त्यावर ते हसले, पण त्यांचंही एक बांधकाम निम्म्यावर उभं होतं, विटा दिसत होत्या.

संध्याकाळी त्र्यंबकला पोचलो. वाटेत अंजनेरीचा डोंगर उजेडात दिसला, पुढं ब्रह्मगिरी. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात खोली मिळाली. इथं आमचं तर्कशास्त्र थोडं कोलमडलं हे कबूल करायला हवं, कारण इथं घरचं कुणी नव्हतं, मालक तर कुणीच नव्हता. शेकडो माणसं येतात-जातात. तरी चादर पांढरीशुभ्र, फरशीवर अनवाणी चालावं अशी, आणि पांघरुणं माणशी एक. सेवेकरी मुलगा "माऊली, इकडं या" म्हणत पुढं झाला. म्हणजे घरातच राहायला हवं असं काही नाही. पाहुण्याचं आपण काही लागतो असं कुणाला तरी वाटलं म्हणजे पुरे. रात्री सासूबाई पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

सोमवार

त्र्यंबकेश्वर, सोमवार, डिसेंबरची सुट्टी : गर्दीचं वर्णन नको. रांगेत अडीच-तीन तास गेले. काळ्या दगडाचं हे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. पिंडीच्या जागी खोलगट भाग, त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेशाची. समोरच्या आरशात पाहून दर्शन घ्यायचं. सासूबाईंना नीट दिसलं का विचारलं तर म्हणाल्या, "मला दिसलं नाही, पण त्याला मी दिसले असणार." कुशावर्तावर पाय बुडवले. पाणी बर्फ होतं.

दर सोमवारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्तावर नेतात. सासूबाई ती पाहिल्याशिवाय हलणार नव्हत्या, त्यामुळं निघायला उशीर झाला. नाशकात पुन्हा शिरायचं नसेल तर त्र्यंबकहून घोटी आणि घोटीहून सिन्नर हा रस्ता सोयीचा. आम्ही तोच धरला.

संगमनेरच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा मुलीचा निरोप आला. जागेला किती तारे द्यायचे आणि अभिप्राय काय लिहायचा, कंपनी विचारते आहे. ह्यांचं म्हणणं, एक तारा आणि सगळं लिही, डब्या, ब्लोअर, दुसऱ्याच्या बागेचा फोटो, सगळं. मला ते पटेना. न्याहारी वाईट होती असं लिहिलं तर मालक ठाण्यातून फोन करणार तो त्या दोघांना. चुलीवरची भाकरी चांगली होती असं लिहिलं तर त्याहून वाईट. आमचं तिथंच टपरीवर वाजलं. शेवटी मी मुलीला मजकूर सांगितला आणि तिनं तो तसाच टाकला : 'मालक या घरात राहत नाहीत. मागची द्राक्षबाग शेजाऱ्यांची आहे, या जागेची नाही. गिझर बंद होता. डिसेंबरात जाणार असाल तर पांघरुणं सोबत न्या. राखणदार आणि त्यांच्या पत्नी अतिशय सौजन्यानं वागल्या आणि त्यांनी सर्व नियम पाळले.' तारे तिनं दोन दिले. ह्यांच्या मते एक जास्तच झाला, आणि पुण्यात तिच्या दारात पोचेपर्यंत ते हेच म्हणत होते.